'ॲप्ट-गेट'ची भाषा : आज्ञा, आधार आणि संमती

प्रस्तावना

संगणकीय साधनांविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुतांशी माहितीपर असते. साधन कसे वापरावे, कोणती आज्ञा कोठे द्यावी, अडचण आल्यास काय करावे, एवढ्यावर ते थांबते. साधनाची भाषा तपासावी, ते वापरणाऱ्याला कोणत्या भूमिकेत उभे करते हे पाहावे, असा प्रयत्न क्वचितच होतो. वस्तुतः कमांड लाइनवर चालणारे साधन सर्वस्वी भाषेचेच बनलेले असते. तेथे चित्र नाही, बटण नाही. वापरणारा एक वाक्य लिहितो. साधन काही वाक्यांत उत्तर देते, प्रश्न विचारते आणि होकार मिळाला की कामाला लागते. अशा साधनाकडे संहिता म्हणून पाहणे हा भाषेच्या अभ्यासकाचा अधिकार मानावयास हवा.

प्रस्तुत लेखात 'डेबियन' या मुक्त कार्यप्रणालीतील 'ॲप्ट-गेट' या साधनाचा या दृष्टीने विचार केला आहे. आज्ञावलींची पॅकेजे आणि ती ज्यांच्या आधारावर चालतात ती इतर पॅकेजे एकाच आज्ञेने इन्स्टॉल करणे हे त्याचे काम. हे साधन श्रम वाचवते म्हणून त्याची स्तुती होते आणि ती रास्तही आहे. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य असे की, काही करण्यापूर्वी ते आपल्या कृतीचे परिणाम लेखी मांडते आणि संमती मागते. म्हणून त्याचे गुणदोषही तेथेच मोजावे लागतात : संमतीपूर्वी समोर ठेवलेला मजकूर वाचणाऱ्याला खरोखर वाचता येतो काय? (लेखात आज्ञा आणि पॅकेजांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतच टंकावी लागतात. ही बाब पुढील विवेचनाशी असंबद्ध नाही.)

सुट्या पॅकेजपासून भांडारापर्यंत

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. या प्रणालीत प्रत्येक आज्ञावली 'पॅकेज'च्या रूपाने येते. पॅकेजमध्ये आज्ञावलीच्या फायली असतात, तसेच त्या पॅकेजचे नाव, आवृत्ती आणि इतर पॅकेजांशी असलेले नाते सांगणारा छोटा मजकूरही असतो. पॅकेज उघडून फायली जागच्या जागी बसवण्याचे काम 'डीपीकेजी' हे साधन १९९४ पासून करीत आले आहे. डीपीकेजी कर्तव्यदक्ष आहे, पण त्याची दृष्टी हाती दिलेल्या पॅकेजापुरती मर्यादित असते. आधाराचे पॅकेज यंत्रावर नसेल तर अमुक एक गोष्ट नाही एवढे ते सांगते आणि काम अर्धवट ठेवते. वापरणाऱ्याने ते पॅकेज शोधून आणावे, तर त्याला आणखी तिसऱ्याची गरज निघते. या अनुभवाला इंग्रजीत 'डिपेंडन्सी हेल' असे नाव पडले. 'नरक' हा शब्द अतिशयोक्त वाटेल. परंतु दूरध्वनीच्या तारेवरून मंद गतीने एकेक फाईल उतरवून घेणाऱ्यांना तो तसा वाटला नसावा.

'डीसिलेक्ट' हे यादीतून निवड करू देणारे साधन होते खरे, पण नवख्याला ते किचकट वाटे. मार्च १९९९ मध्ये डेबियनची २.१ ही 'स्लिंक' नावाची आवृत्ती ॲप्टसह आली. पॅकेज उघडण्याचे डीपीकेजीचे काम ॲप्टने काढून घेतले नाही. कोणती पॅकेजे लागतील हे ठरवणे, ती भांडारातून आणणे आणि योग्य क्रमाने डीपीकेजीच्या स्वाधीन करणे एवढेच त्याने आपल्याकडे घेतले. त्या वेळी भांडारात सुमारे २,२५० पॅकेजे होती; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांची संख्या ६९,८३० आहे. मनुष्याने हाताने नाती जुळवत बसण्याचा काळ किती मागे पडला, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात येते.

आज्ञांच्या नावांतील एक दोष येथेच नोंदवावयास हवा. 'ॲप्ट-गेट अपडेट' ही आज्ञा यंत्रावरील एकही आज्ञावली अद्ययावत करीत नाही. भांडारात काय उपलब्ध आहे याची यादी तेवढी ती ताजी करते. आज्ञावली नव्या करावयाच्या तर 'अपग्रेड' म्हणावे लागते. इंग्रजी बोलणाऱ्यालाही हे दोन शब्द जवळजवळ समानार्थी वाटतात. मग ज्याने इंग्रजी शाळेतच शिकले त्याने 'अपडेट'वर विसंबून निश्चिंत व्हावे, यात नवल नाही.

नात्यांची प्रतवारी

पॅकेजातील जो छोटा मजकूर वर सांगितला, त्याचे नियम डेबियनच्या धोरणपुस्तिकेत दिले आहेत. ॲप्टची सर्व बुद्धी या मजकुरावर चालते, म्हणून त्याची शब्दकळा बारकाईने पाहण्याजोगी आहे. एका पॅकेजचे दुसऱ्याशी असलेले नाते तेथे एकाच शब्दाने सांगितलेले नाही. 'डिपेंड्स' म्हणजे ज्यावाचून चालणारच नाही. 'प्री-डिपेंड्स' म्हणजे जे आधीच पूर्णपणे बसलेले असल्याशिवाय या पॅकेजाला हातही लावू नये. 'रेकमेंड्स' म्हणजे अपवादात्मक परिस्थिती सोडता जे सोबत असावे. 'सजेस्ट्स' म्हणजे असल्यास उपयोग होईल, नसल्यास तक्रार नाही. 'एन्हान्सेस' हेच नाते उलट दिशेने सांगते : हे पॅकेज त्या दुसऱ्याची उपयुक्तता वाढवते. विरोधाच्याही छटा आहेत. 'ब्रेक्स' म्हणजे याच्या येण्याने ते बिघडेल, 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे दोघे एका यंत्रावर एकत्र नांदणार नाहीत.

सर्वांत मनोज्ञ शब्द 'प्रोव्हाइड्स' हा आहे. टपाल पोचवणारी आज्ञावली हवी असणारे पॅकेज अमुकच आज्ञावली हवी असा आग्रह धरत नाही. टपाल-वाहक या काल्पनिक नावाची मागणी ते करते. 'एक्झिम' किंवा 'पोस्टफिक्स' यांपैकी जे यंत्रावर असेल ते पुढे येऊन ती भूमिका आपण पार पाडतो असे जाहीर करते. भूमिका आणि ती वठवणारा यांत केलेला हा भेद नाटकाच्या अभ्यासकाला अनोळखी वाटू नये.

या नात्यांपैकी काही पॅकेजची बांधणी होताना यंत्रच काढते. आज्ञावली कोणत्या सामायिक ग्रंथालयांना हाक मारते हे तपासून तशी नोंद होते. पण एखादे नाते 'रेकमेंड्स' मानावे की 'सजेस्ट्स', याचा निर्णय त्या पॅकेजची देखभाल करणाऱ्या माणसाचा असतो. 'अपवादात्मक परिस्थिती' कशाला म्हणावे, हा विवेकाचा प्रश्न आहे. तो गणिताने सुटत नाही. २००९ मध्ये आलेल्या 'लेनी' या आवृत्तीपासून ॲप्टने शिफारस केलेली पॅकेजेही न सांगता बसवण्यास प्रारंभ केला. सल्ल्याला आज्ञेचे बळ मिळाले. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी नकाराचा पर्याय आहे, परंतु तो आधी ठाऊक असावा लागतो. सामान्य वापरणाऱ्याच्या सोयीचा हा निर्णय एकंदरीत योग्यच म्हणावा लागेल. मात्र त्यामुळे 'शिफारस' या शब्दाचा मूळ अर्थ बराच पातळ झाला, हेही मान्य करावयास हवे.

या संदर्भात मराठी परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. 'डिपेंडन्सी' या इंग्रजी शब्दाने तंत्रज्ञ ज्याच्यावर विसंबायचे ती वस्तू दर्शवतात. त्यासाठी 'अवलंबित' हा शब्द योजला तर अर्थ उलटा होतो, कारण मराठीत अवलंबित म्हणजे जो दुसऱ्यावर अवलंबून आहे तो. नोकरदाराच्या कागदपत्रांत 'अवलंबित व्यक्ती' म्हणून वृद्ध आईवडिलांची आणि अज्ञान मुलांची नावे येतात, त्यांना पोसणाऱ्याचे नव्हे. एखादे ग्रंथालय शंभर आज्ञावलींना पोसत असेल तर ते त्यांचे 'अवलंबित' कसे? त्याला 'आधार' किंवा 'आधारभूत पॅकेज' म्हणणे अधिक सरळ. या भेदाला प्रत्यक्ष परिणाम आहेत. आधार काढून टाकला तर त्यावरचे सर्व कोसळते. अवलंबित काढला तर आधाराला काहीच होत नाही. परिभाषा उलटी असेल तर वाचणारा नेमकी चुकीची फांदी तोडेल.

संमतीचा मसुदा

इन्स्टॉल करण्याची आज्ञा दिल्यावर ॲप्ट-गेट काय बोलते? पॅकेजांच्या याद्या वाचत असल्याचे ते सांगते, नात्यांचा वृक्ष उभारत असल्याचे सांगते. मग कोणती जादा पॅकेजे येतील, कोणती सुचवलेली आहेत, कोणती नव्याने बसतील आणि कोणती काढली जातील, यांची नावे येतात. त्यानंतर संख्या, उतरवून घ्यावयाचा आकार आणि चकतीवर लागणारी जागा. शेवटी पुढे जायचे काय, हा प्रश्न. होकाराचे अक्षर मोठ्या लिपीत आणि नकाराचे लहान असते. काही न लिहिता नुसती एंटर कळ दाबली तर तो होकार समजला जातो.

या संवादातील एक सूक्ष्म शहाणपण सहसा लक्षात येत नाही. वापरणाऱ्याने जेवढे मागितले तेवढेच बसवावयाचे असेल तर इन्स्टॉल करताना ॲप्ट-गेट प्रश्न विचारीतच नाही. मागितले त्याहून अधिक काही घडणार असेल तेव्हाच ते थांबते. न उच्चारलेल्या गोष्टींपुरतीच संमती मागणारे हे वर्तन एखाद्या चांगल्या कारकुनासारखे आहे. तो सांगितलेले काम निमूट करतो आणि त्यातून आणखी काही निष्पन्न होत असेल तर साहेबांच्या टेबलाशी परत येतो. दुसऱ्याच्या निमित्ताने आलेली पॅकेजे कोणती आणि नाव घेऊन बोलावलेली कोणती, याचीही नोंद ते ठेवते. ज्याच्यासाठी पाहुणा आला तो निघून गेला की, या पाहुण्याची आता गरज उरलेली नाही असे ते कळवते. पण सांगितल्याशिवाय घालवून देत नाही.

गंभीर प्रसंगासाठी निराळी भाषा आहे. प्रणालीला अत्यावश्यक ठरवलेले पॅकेज काढले जाणार असेल तेव्हा एका अक्षराचा होकार चालत नाही. काय करीत आहोत हे नेमके ठाऊक असल्याशिवाय हे करू नये असा इशारा येतो आणि 'होय, मी म्हणतो तसेच कर' या अर्थाचे संपूर्ण इंग्रजी वाक्य, उद्गारचिन्हासह, जसेच्या तसे टंकावे लागते. प्रश्नांना आपोआप होकार देण्याचा पर्याय वापरला असला तरी या ठिकाणी साधन काम सोडून देते. संमती ही येथे क्रिया बनते : वाक्य लिहिण्याच्या श्रमात विचाराला अवकाश मिळावा अशी त्यामागील अपेक्षा दिसते.

ती अपेक्षा नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे खोटी ठरली. लिनस सेबास्टियन या कॅनडातील लोकप्रिय चित्रफीतकारांनी डेबियनच्या परंपरेतील 'पॉप ओएस' या प्रणालीवर 'स्टीम' ही खेळांची आज्ञावली बसवण्याचा प्रयत्न केला. भांडारातील नात्यांत त्या वेळी विसंगती होती, आणि चित्ररूप दुकानाने स्थापना नाकारली. तेव्हा त्यांनी कमांड लाइनवर तीच मागणी केली. ॲप्टने हिशेब मांडून काढावयाच्या पॅकेजांची लांबलचक यादी दिली. त्यात संपूर्ण डेस्कटॉपच होता. इशारा आला, वाक्य मागितले गेले, वाक्य टंकले गेले, आणि डेस्कटॉप नाहीसा झाला.

या घटनेवर दोन तट पडले. वापरणाऱ्याने इशारा वाचला नाही असे एकाचे म्हणणे, तर असे शक्यच होऊ नये असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांनी मजकुराकडे पुरेसे पाहिले नाही असे वाटते. यादीत शेकड्याने नावे एका रांगेत, समान वजनाने येतात. डेस्कटॉपचे नाव आणि एखाद्या क्षुल्लक फायलीचे नाव यांत अक्षरांचाही फरक नसतो. शिवाय मागणी बसवण्याची होती; काढण्याचा विचारही मनात नव्हता. ज्या प्रश्नाची अपेक्षाच नाही तो प्रश्न माणूस ओळखीच्या प्रश्नासारखा वाचतो. छापील करारनाम्याखाली सही करणाऱ्या कोणालाही हा अनुभव आहे. त्याच महिन्यात आलेल्या ॲप्टच्या २.३.१२ या आवृत्तीत असा बदल झाला की, तोडगा शोधताना अत्यावश्यक पॅकेज काढण्याचा मार्ग साधनाने विचारातच घेऊ नये. इशाऱ्याची भाषा सुधारण्याऐवजी इशाऱ्याचा प्रसंगच टाळला गेला. व्यवहारदृष्ट्या हे बरोबर आहे, परंतु समीक्षेच्या दृष्टीने पाहता साधनाने आपल्या वाक्याच्या सामर्थ्यावरील विश्वास सोडला असे म्हणावे लागते.

'अशक्य परिस्थिती'

नाती जुळत नाहीत तेव्हा ॲप्ट-गेट जे बोलते ते फारसे गौरवास्पद नाही. तुम्ही अशक्य परिस्थितीची मागणी केली असावी, असे ते सुचवते आणि शेवटी बिघडलेली पॅकेजे 'तुम्ही' रोखून धरली आहेत असा ठपका ठेवते. बहुतेक वेळा वापरणाऱ्याने काहीच रोखून धरलेले नसते. व्याकरणातील द्वितीय पुरुष येथे अकारण आरोपी ठरला आहे.

अडचण खरोखर कठीण आहे, हे मात्र साधनाच्या बाजूने सांगावयास हवे. युरोपातील 'एडॉस' या संशोधन प्रकल्पाने २००६ च्या सुमारास दाखवून दिले की, दिलेले पॅकेज बसवता येईल की नाही हे ठरवण्याचा प्रश्न गणितात 'एनपी-कम्प्लीट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुष्कर वर्गातला आहे. प्रत्येक 'किंवा' आणि प्रत्येक 'नको' यांनी शक्यतांचा गुणाकार होत जातो. ॲप्टने अनेक वर्षे अनुभवसिद्ध आडाख्यांवर भागवले आणि ते बहुधा भागले. एप्रिल २०२५ मधील ३.० या आवृत्तीत तोडगा शोधणारी नवी तर्कयंत्रणा उपलब्ध झाली. अपयशाची कारणपरंपरा मांडता येणे हा तिचा लाभ होय. ठपक्याच्या जागी कारण आले तर ती भाषेचीही सुधारणा ठरेल.

शब्दप्रमाण

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या बरोबरीने शब्द हे प्रमाण मानले आहे. विश्वसनीय व्यक्तीचे वचन हे ज्ञानाचे साधन होय, अशी ती भूमिका. ॲप्टचे ज्ञान या अर्थाने सर्वस्वी शब्दप्रमाणावर उभे आहे. अमुक पॅकेज सुरक्षित आहे की नाही हे ते पाहत नाही. डेबियन ४.० पासून, म्हणजे एप्रिल २००७ पासून, भांडाराच्या याद्यांवरील अंकीय स्वाक्षरी ते तपासते. पॅकेज वाटेत बदललेले नाही आणि ते त्याच भांडारातून आले आहे, एवढे त्यातून सिद्ध होते. देणाऱ्याचा हेतू स्वाक्षरीत दिसत नाही.

मार्च २०२४ मधील 'एक्सझेड' प्रकरणाने ही मर्यादा उघड केली. एक्सझेड हे माहिती दाबून लहान करणारे जुने, साधे ग्रंथालय. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने मोठ्या चिकाटीने त्याच्या देखभालीत स्थान मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. लक्ष्य होते ते दूरच्या यंत्रात प्रवेश देणारी 'एसएसएच' सेवा. त्या सेवेच्या मूळ आज्ञावलीचा एक्सझेडशी संबंध नाही. डेबियनसारख्या काही प्रणालींनी सोयीसाठी तिला 'सिस्टिमडी'च्या ग्रंथालयाशी जोडले होते आणि त्या ग्रंथालयाला एक्सझेडचा आधार होता. आधाराच्या आधारातून हल्ला आला. ॲन्ड्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञांना प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो असा प्रश्न पडला. त्याचा माग काढत त्यांनी २९ मार्च रोजी हा प्रकार जाहीर केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती पॅकेजे पोचलेली नव्हती, चाचणीच्या शाखांत मात्र पोचली होती.

ज्यांनी त्या शाखांवर नेहमीप्रमाणे यंत्र अद्ययावत केले त्यांच्यापुढे यादी आली असेल, त्यात एक्सझेडचे नाव असेल, आणि त्यांनी होकार दिला असेल. ती यादी कितीही काळजीपूर्वक वाचली असती तरी काय कळले असते? येथे संमतीच्या मसुद्याची सीमा संपते. नाव आणि आवृत्ती यांपलीकडे तो काही सांगत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. फ्रॉइंड यांना जे उमगले ते मजकुरातून नव्हे, प्रत्यक्षातून.

मराठीत 'मी म्हणतो'

ॲप्टच्या संदेशांची भाषांतरे अनेक भाषांत आहेत आणि त्यांत मराठीही आहे. डेबियनच्या स्थापना-आज्ञावलीतही २००९ च्या 'लेनी' आवृत्तीपासून मराठीचा समावेश झाला. हे काम करणाऱ्यांचे ऋण मराठी भाषकांनी मान्य करावयास हवे. परंतु भाषांतर करताना उभे राहणारे प्रश्न केवळ शब्दकोशाचे नाहीत.

अत्यावश्यक पॅकेज काढण्यापूर्वी टंकावयाचे जे वाक्य, तेही भाषांतरयोग्य संदेशांत येते. म्हणजे यंत्राची भाषा मराठी असेल तर संमतीचे वाक्यही मराठीतच जसेच्या तसे लिहावे लागते. इंग्रजीत 'मी' म्हणणाऱ्याचे लिंग क्रियापदात दिसत नाही. मराठीत 'मी म्हणतो' आणि 'मी म्हणते' यांतून एक निवडणे भाग पडते. भाषांतरकाराने पुल्लिंगी रूप घेतले तर यंत्रासमोर बसलेल्या बाईला पुरुषाच्या तोंडून संमती द्यावी लागेल. 'सांगितल्याप्रमाणे करा' अशी रचना केली तर लिंगाचा प्रश्न सुटतो, पण जबाबदारी घेणारा 'मी' वाक्यातून नाहीसा होतो आणि वाक्याचे प्रयोजनच तो 'मी' होता. यंत्राला 'कर' म्हणावे की 'करा', हा आणखी एक प्रश्न. आज्ञा देणाऱ्याने यंत्राला अहोजाहो करणे थोडे विनोदी वाटेल. तथापि छापील मराठीला एकेरी आज्ञार्थ अवघडच जातो.

अखेरचा प्रश्न लिपीचा आहे. चित्ररूप खिडकीत उघडलेल्या टर्मिनलवर देवनागरी बऱ्यापैकी दिसते. मात्र लिनक्सच्या मूळ मजकूर-पडद्याला एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती ठेवता येतात, आणि वेलांट्या-जोडाक्षरांची जुळणी तेथे होत नाही. डेबियनची मराठी स्थापनाही म्हणूनच केवळ चित्ररूप पद्धतीने होते. आता २०२१ मधील प्रसंग मराठीत कल्पावा. इशारा मराठीत आला, वाक्य मराठीत टंकले, डेस्कटॉप गेला. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर समोर तो मूळ मजकूर-पडदाच उरतो. डेस्कटॉप परत आणण्यासाठी आता त्याच ॲप्ट-गेटशी बोलावयाचे आहे. ते आपली यादी मांडील, पुढे जायचे काय म्हणून विचारील, आणि तो मराठी मजकूर पडद्यावर चौकोनांच्या आणि प्रश्नचिन्हांच्या रूपाने उमटेल. मराठीतून कारभार करणाऱ्या त्या व्यक्तीला प्रथम यंत्राची भाषा बदलून इंग्रजी करावी लागेल, आणि मगच होय किंवा नाही म्हणता येईल.